कॉम्प्रेसर बदलला, आता गाडीच्या बुडाला पत्रा मारायचा का?

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात राहतो. गगनबावड्याच्या बाजूला शेत आहे, तिथेच पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्यात. शेताची वाट वाईट म्हणून लँड रोव्हरची २०१३ची डिस्कव्हरी ४ जुनी घेतली. गेल्या महिन्यात तिचा एअर सस्पेन्शनचा, म्हणजे गाडीला पेलणाऱ्या फुग्यांत हवा भरणारा, कॉम्प्रेसर गेला. बदलायला ६८,००० रुपये लागले. यजमान म्हणतात, वाटेवरच्या दगडांनीच तो गेला, आता पुढून मागपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची स्किड प्लेट, म्हणजे बुडाखालचा संरक्षक पत्रा, बसवून टाकू. त्याचं कोटेशन १,१५,००० रुपये आहे. उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सखाली ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा २८,०००मध्ये करून देतो म्हणतो. घरखर्च महिन्याला ४५,००० आणि अडीनडीसाठी ठेवलेल्या एफडीत १,६०,००० उरलेत. एफडी मोडावी की कार्डावर हप्ते करावेत? उसाचं बिल हंगामात येईल. पाहुण्यांना कधीकधी दाजीपूरला फिरवून आणतो, त्याचे वेगळे पैसे मिळतात. कोटेशन आणि विम्याची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका आणि कार्डावरही घेऊ नका. पुढून मागपर्यंतचा पत्रा तुमच्या गाडीला लागत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सखालचा भाग मात्र झाकून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो खर्च उसाच्या बिलात बसतो. पण त्याही आधी एक काम आहे. कॉम्प्रेसर कशाने गेला ते शोधा. ते कळलं नाही तर बुडाला कितीही जाड पत्रा मारला तरी ६८,००० रुपये पुन्हा जाऊ शकतात.

यजमानांना दगडाचा संशय येणं साहजिक आहे. या गाडीत कॉम्प्रेसर डाव्या बाजूला, चॅसिसच्या बाहेरच्या अंगाला, प्लास्टिकच्या आवरणात बसवलेला असतो. चिखल, पाणी, खडी सगळं तिथे उडतं. तरीही दहा-बारा वर्षांच्या गाडीत कॉम्प्रेसर जातो तो बहुतेक वेळा जास्त चालून चालून. हवेच्या एखाद्या फुग्यातून किंवा पाइपच्या जोडातून बारीक गळती असते. गेलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होतो, तापतो, झिजतो. त्याला जोडलेल्या ड्रायरमध्ये हवेतली ओल शोषणारे दाणे असतात. ते संपृक्त झाले की ओलसर हवा आत जाते. काही वेळा रिलेचे, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचे, पॉइंट चिकटतात आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही, शेवटी जळतो. यातलं काहीही पत्र्याने थांबणारं नाही.

म्हणून वर्कशॉपला फोन करून जुना कॉम्प्रेसर अजून तिथे असेल तर परत मागा. तुम्ही पैसे मोजलेत, जुना भाग बघायला मागण्यात संकोच कसला? आवरण फुटलेलं किंवा बॉडीवर ठोकर लागल्याची खूण असेल तर यजमानांचं खरं. पाइपात पांढरी भुकटी दिसली तर ड्रायरचे दाणे फुटलेत, आणि ती भुकटी व्हॉल्व्हपर्यंत गेली असेल तर नवा कॉम्प्रेसरही धोक्यात आहे. सोबत चार-पाच दिवस एक सोपं मोजमाप करा. रात्री गाडी लावल्यावर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. ही गाडी उभी असतानाही अधूनमधून स्वतःची पातळी जुळवते, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका, आकडे लिहून ठेवा. उंची उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधता येते. रिले बदलला का, हेही बिलावर तपासा. कॉम्प्रेसरच्या मानाने रिलेची किंमत किरकोळ असते, आणि नवा कॉम्प्रेसर जुन्या रिलेवर चालवणं मला अजिबात पटत नाही.

गळती निघाली तर ती काढण्याचा खर्च पहिला. तो एफडीतून करावा लागला तरी करा, कारण तो टाळला तर दर आठवड्याला नव्या कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. पत्रा थांबू शकतो.

पूर्ण पत्र्याला माझा आणखी एक आक्षेप आहे. कॉम्प्रेसर चालताना तापतो आणि त्याला भोवती हवा खेळती लागते. गगनबावड्याकडे पावसाळ्यात तांबडी माती बुडाला कशी चिकटते ते तुम्ही रोज बघता. खालून बंद केलेल्या पत्र्यात ती साचते, वाळते, पुढच्या सरीत पुन्हा भिजते. म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच ओल आणि उष्णता कोंडून द्यायची. जुन्या कॉम्प्रेसरवर ठोकरीची खूण सापडलीच तर तेवढ्याच जागेपुरतं, खाली आणि मागे उघडं असलेलं छोटं गार्ड करून घ्या. त्यासाठी लाखाचं कोटेशन लागत नाही.

मग इंजिन-गिअरबॉक्सखाली पत्रा का हवा? याचं कारण तुमच्या विम्याच्या कागदात आहे.

तुमची गाडी दहा वर्षांच्या पुढची आहे. अशा गाडीच्या दाव्यात धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर तर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. तुमच्या गाडीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खालचा ऑइल चेंबर प्लास्टिकचा असतो. घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही, तुमच्या पॉलिसीतही ते नाही. आता समजा दगड लागून चेंबर फुटला आणि सुट्या भागांचं बिल ६०,००० व मजुरी १०,००० झाली. भागांचे मिळणार ३०,०००, मजुरी धरून ४०,०००. तुमचं इंजिन १५०० सीसीच्या वरचं आहे, म्हणून सक्तीची वजावट २,०००. हातात ३८,०००.

पण हा दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, विमा हप्ता सवलतीआधी २६,००० आहे आणि सध्या तुम्हाला ५० टक्के बोनस आहे. दाव्यानंतरच्या नूतनीकरणाला सवलत शून्य, मग पुढची प्रत्येक वर्षं बिनदाव्याची गेली तर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी पुन्हा ५०. म्हणजे पाच वर्षांत तुम्ही अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावता, एकूण १२५ टक्के. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर ३२,५०० रुपये. गाडी विकली तरी यातून सुटका नाही, कारण बोनस मालकाच्या नावावर असतो आणि पुढच्या गाडीला लागू होतो. ३८,००० घेऊन ३२,५०० गमावायचे, हातात उरले साडेपाच हजार. शिवाय चेंबर फुटल्यावर तेल गळत असताना गाडी तशीच घरापर्यंत आणली आणि गिअरबॉक्स गेला, तर ते वाढीव नुकसान विमा कंपनी देत नाही. घाटात, रात्री, रेंज नसताना माणूस गाडी पुढे नेतोच. तीच मोठी भीती आहे.

म्हणजे बुडाला लागणाऱ्या मध्यम ठोकरीपुरता तुमचा विमा जवळजवळ नसल्यासारखा आहे. ती जोखीम तुम्ही स्वतःच्या खिशातून उचलताय. त्या जागी २८,००० रुपयांचा पत्रा मला महाग वाटत नाही.

आता पत्र्याविषयी. लोखंडाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७. एक चौरस मीटरचा ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा साडेतेवीस किलो भरतो, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा सोळा किलोच्या आसपास. अडीच टनी गाडीला सात किलोंचा फरक जाणवणार नाही, त्यामुळे वजनाच्या नावाखाली जास्त पैसे मोजू नका. लोखंड गंजतं, म्हणून झिंक प्लेटिंग किंवा पावडर कोटिंग करून घ्या. शिवाजी उद्यमनगरात चांगले कारागीर आहेत, पण त्यांना तीन गोष्टी आधी सांगा. चॅसिसला वेल्डिंग करायचं नाही आणि नवीन भोकं पाडायची नाहीत, आहेत त्याच बोल्टच्या जागा वापरायच्या. पाणी आणि माती निघायला पुरेशी भोकं हवीत. ऑइल बदलताना पूर्ण पत्रा उतरवावा लागू नये म्हणून ड्रेन बोल्टखाली खिडकी हवी, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला मजुरी वाढेल. पुढे बुल बार, म्हणजे बंपरसमोरचा लोखंडी दांडा, लावून देतो म्हणाले तर नको म्हणा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. पत्रा बसवल्यावर विमा कंपनीला फोटोसह ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

यजमानांना एक नक्की सांगा. या गाडीची नेहमीची उंची जमिनीपासून १८५ मिलिमीटर आहे, ऑफ-रोड स्थितीत ती २४० होते. शेताच्या वाटेला लागण्याआधी बटण दाबून हळू चालवलं तर ५५ मिलिमीटर जास्तीची जागा फुकट मिळते. पूर्ण पत्र्याच्या कोटेशनमधला मोठा भाग याच सवयीने वाचतो. आणि पुराच्या पाण्याला पत्रा अडवत नाही. पंचगंगा इशारा पातळी ओलांडते तेव्हा गाडी उंचावर लावणं एवढाच उपाय.

पैशाकडे येऊ. एफडीतले १,६०,००० म्हणजे साडेतीन महिन्यांचा घरखर्च. त्यातून १,१५,००० काढले तर उरतात ४५,०००, बरोबर एक महिना. शेती आणि पर्यटन, तुमची दोन्ही उत्पन्नं पावसाच्या हातात आहेत. अशा घरात सहा महिन्यांची शिल्लक असायला हवी, ती एका महिन्यावर आणणं मला मान्य नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी, पण प्रत्यक्षात तारीख सरकते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून त्या पैशाच्या भरवशावर आज कार्डाचे हप्ते सुरू करू नका. बिल खात्यात आलं की आधी कॉम्प्रेसरचे ६८,००० एफडीत परत टाका, मग २८,००० पत्र्याला. तोपर्यंतच्या पावसाळ्यात ऑफ-रोड उंची आणि सावध हात. आणि पूर्ण पत्र्याचाच हट्ट राहिला तर कोटेशन नव्याने मागा. त्यात २८ टक्के जीएसटी धरलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे. मूळ किंमत तीच राहिली तर साधारण ९,००० रुपये कमी व्हायला हवेत.

गाडी किती वर्षं ठेवणार हेही घरात बसून ठरवा. २०२८ला नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होतील. आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, त्यावर हरित कर आणि फिटनेस तपासणी वेगळी. त्याआधी विकणार असाल तर लाखाचा पत्रा घेण्यात काहीच अर्थ नाही, विकताना त्याचे फार पैसे येत नाहीत.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातलं सर्वांत गंभीर. पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवणं आजपासून थांबवा. तुमची पॉलिसी खाजगी गाडीची आहे आणि भाड्याने वाहतूक तिच्यात बसत नाही. करूळ किंवा भुईबावडा घाटात अपघात झाला आणि पाहुण्यांनी भाडं दिलं होतं हे पुढे आलं, तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि जखमींच्या भरपाईची रक्कमही तुमच्याकडून वसूल होऊ शकते. ती लाखांत जाते, त्यात शेत गुंतू शकतं. पिवळ्या पाटीची, परवाना असलेली जीप स्थानिक चालकाकडून ठरवून द्या आणि तुमचं उत्पन्न खोल्या आणि जेवणातून धरा. फिरवण्यातून वर्षाला किती मिळत होते ते मला कळवा, तेवढी तूट खोल्यांच्या दरात कशी बसवता येईल ते आपण आकडे मांडून बघू.