सिस्टरनी सांगितलं, पण कळलं का?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. आईची शुगर ३५० च्या वर गेली म्हणून बेळगावात ॲडमिट केलेलं, सोडताना इन्सुलिन दिलं. सिस्टरनी कन्नडात भराभर सांगितलं, बाई चांगल्या होत्या पण वॉर्ड फुल्ल भरलेला, मी मान हलवली आणि आले. आता तीन आठवडे झाले, सुई मीच देते, जेवण झाल्यावर, पोटावर एकाच जागी कारण तिथं तिला दुखत नाही. तरी शुगर कधी १८० कधी ३००. घरात फ्रिज पण नाही. माझं काय चुकायलंय?

उत्तर : अगं, तुझी चूक नाही. मी स्वतः नर्स, वॉर्डात जन्म गेला, म्हणून सांगते, ‘कळलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. खरं तर सिस्टरनी ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणायला पाहिजे आणि तू सुई भरेपर्यंत बघायला पाहिजे, ते झालं नाही तर शिकवणं झालंच नाही.

त्या ‘ऊटक्किंत मुंचे’ म्हणाल्या असतील बघ, म्हणजे जेवणाच्या आधी. तू नंतर देतेस. बहुतेक इन्सुलिन जेवणाआधीच असतं, किती मिनिटं आधी ते बाटलीवरचं नाव दाखवून विचारून घे.

दुसरं ते एकाच जागेचं. तिथं दुखत नाही कारण बहुतेक गाठ झालीय, बोटानं चाचपून बघ, कडक किंवा फुगीर लागेल. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी कधी जास्त, म्हणूनच तुझे आकडे असे नाचायलेत. बेंबीपासून दोन बोटं सोडून रोज जागा बदल, मांडीवर पण चालतं. पण थांब, गाठ सोडून चांगल्या जागी दिलं की तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करून डोस विचार, मनानं कमी-जास्त करू नको.

सिरिंज बघ. बाटलीवर ४० लिहिलंय तर लाल टोपीची, १०० असेल तर केशरी. मेडिकलवाला घाईत दुसरी देतो कधी कधी.

फ्रिज नाही तर बाटली घट्ट डब्यात घालून माठात ठेव, पाणी आत जाऊ देऊ नको. उघडल्याची तारीख बाटलीवर लिही, साधारण २८ दिवसांनी नवी घ्यायची.

पुढच्या वेळी बाटली, सिरिंज, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने आणि सरळ म्हण, ‘सिस्टर, मराठीत सांगा, मी करून दाखवते’. लाजू नको, तुझा हक्कच आहे तो.

आणि आईला घाम, थरथर, गरगरायला लागलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दे, १५ मिनिटांनी शुगर तपास. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नको, सरळ दवाखान्यात ने.