‘दिसलं का’ असं विचारू नकोस

प्रिय मित्रा,

घरच्यांना घेऊन वेधशाळेत जायचं ठरवतोयस, वाचून फार बरं वाटलं. दिवस मात्र सुट्टी बघून नको, पंचांग बघून ठरव. पौर्णिमा टाळ. त्या रात्री चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, नुसती पांढरी थाळी दिसते. शुद्ध सप्तमी-अष्टमीला जा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात आणि खड्डे बोटांनी चाचपावेत असे वाटतात.

आईला मी सावंतवाडीहून पणजीला नेलं होतं, जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत. दुर्बीण शनीवर लावलेली, मागे भली मोठी रांग. आईने पदर खोचला, नळीला धरून वाकली, ‘दिसला हो’ म्हणाली आणि बाजूला झाली. पुढे कितीतरी दिवसांनी बोलता बोलता म्हणाली, ‘मला नुसता काळोखच दिसला रे. मागे लोक खोळंबलेले, म्हटलं कशाला.’ ते मला अजून लागून आहे.

म्हणून तुझ्या आजीला ‘दिसलं का’ असं विचारू नकोस, त्याला ‘हो’च येतं. ‘काय दिसलं?’ असं विचार. नळीला हात लागला की चित्र हलतं, तेव्हा हात मागे बांधायला सांग. एक डोळा मिटणं वयस्कर माणसांना जमत नाही, तो तू तळहाताने झाक. चष्मा साधा जवळचा-लांबचा असेल तर काढून फोकस जुळवता येतो. सिलिंडरचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा, नंबर मोठा असेल तर चष्मा राहू दे. आणि पृथ्वी फिरतेच आहे. दुर्बिणीला मोटर नसेल तर ग्रह बघता बघता चौकटीबाहेर सरकतो. दुर्बिणीपाशी जो कार्यकर्ता असेल त्याला ‘पुन्हा लावा’ म्हणायला लाजू नकोस. रांगेची काळजी तर मुळीच करू नकोस.

रांगेत मुलं कंटाळतील. हिवाळा असेल तर त्यांना मृग दाखव: पोटातले तीन तारे म्हणजे बाण, आणि त्याच रेषेत खाली तो मारणारा व्याध.

आईला मी पुन्हा नेलं. या वेळी ती बराच वेळ वाकून राहिली. काय दिसलं विचारलं, तर म्हणाली, ‘कडं आहे रे त्याला. पण कुठेच चिकटलेलं नाही.’ शनीचं कडं त्याला कुठेच टेकलेलं नाही, हे हायगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाने १६५९ साली छापून सांगितलं होतं. आईने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आजीला रांगेत सगळ्यांच्या पुढे ठेव.

तुझा,
काका