लोक शहर सोडून निघून का जात नाहीत?

प्रश्न : दर काही महिन्यांनी एखाद्या शहरावर सैन्य चालून गेल्याची बातमी येते. नागरिकांना आधी सूचना दिली होती, बॉम्बही अचूक होते, असं सांगतात. मग इतकी साधी माणसं मरतात कशी? वेळेवर निघून का जात नाहीत? सिस्टर, तुम्ही इराकमधल्या मोसुल शहराच्या लढाईच्या वेळी तिथे होतात, म्हणून विचारतो. आमच्या मंडळाने अशा लोकांसाठी जुने कपडे गोळा करायला घेतलेत, ते कुठे पाठवावेत?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, मी मिरजेची, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. २०१७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मोसुलच्या दक्षिणेला, हम्माम अल-अलीलजवळ तंबूतल्या रुग्णालयात होते. (गंधकाच्या गरम झऱ्यांचं गाव, आपल्या वज्रेश्वरीसारखं.) तेव्हा मोसुलचंच सांगते.

तिथे लोकांना ‘निघा’ असं सांगितलंच नव्हतं. इसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातलं शहर सोडवायची मोहीम १७ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली, तेव्हा इराक सरकारनं विमानातून पत्रकं टाकली : घरातच थांबा. लाखो माणसं एकदम रस्त्यावर आली तर ठेवायची कुठे, हा हिशेब. तो अगदीच वेडगळ होता असं मी म्हणणार नाही. पण टायग्रिस नदीच्या पश्चिमेचं जुनं शहर म्हणजे बोळ, घराला घर चिकटलेलं. नदीवरचे पाचही पूल निकामी. पळणाऱ्यांवर इसिसवाले गोळ्या झाडत, काही घरांची दारं तर त्यांनी बाहेरून वेल्डिंग करून बंद केली होती. जायचं कुठून?

तरी लोक येत. मी ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक बॉम्बच्या भीतीनं निघाले नव्हते. पाणी संपलं, तान्ह्याची दूध पावडर संपली, म्हणून निघाले होते. शेवटी शेवटी उकडलेले गहू आणि रानपाला खाऊन राहिलेली माणसं होती ती.

एका बाईच्या मांडीत छर्रे घुसले होते. असा पेशंट आला की आम्ही कपडे सोडवत बसत नाही, सरळ कात्री चालवतो. तिच्या अंगावर एकावर एक तीन झगे. सामान उचलता येत नाही, म्हणून अंगावर घालून आलेली. सगळ्यांत आतल्या झग्याच्या शिवणीत घरच्यांची ओळखपत्रं शिवलेली, आणि भूल चढेपर्यंत बाईनं माझं मनगट काही सोडलं नाही. नंतर दुभाष्यानं कारण सांगितलं. बाहेर इराकी फौजा पुरुषांना वेगळं काढून त्यांची नावं इसिसच्या संशयितांच्या यादीशी ताडून बघत होत्या, आणि तिचा नवरा त्याच रांगेत उभा होता. कार्डं गेली असती तर तो कोण, हे सांगायला कागद उरला नसता. मी शिवण उसवून कार्डं काढली आणि तिच्या उशाशी ठेवली.

आता ‘अचूक’ बॉम्बचं. १७ मार्च २०१७, पश्चिम मोसुलमधली अल-जदीदा वस्ती. एका घराच्या वरच्या भागात इसिसचे दोन बंदूकधारी होते, त्यांच्यावर अमेरिकी विमानानं एक बॉम्ब टाकला. बॉम्ब लागायचा तिथेच लागला. पण ते घर मजबूत म्हणून शेजारीपाजारी खाली आसऱ्याला जमले होते. अमेरिकेच्याच चौकशीत किमान १०५ नागरिक मेल्याचं मान्य झालं. घरात इसिसनं स्फोटकं ठेवली होती, त्यामुळे इमारत कोसळली, असं त्या अहवालात आहे. स्थानिक लोकांना ते पटलेलं नाही. मला विचाराल तर गच्चीवर कोण आहे ते वरून दिसतं, जिन्याखाली कोण बसलंय ते दिसत नाही, आणि दाट वस्तीत जिन्याखाली कोणी ना कोणी असतंच.

जुलै २०१७ मध्ये विजय जाहीर झाला. नंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं शवागारांच्या आणि इतर याद्या जुळवून ९ ते ११ हजार नागरिक गेल्याचा आकडा काढला. त्यांतले किमान ३,२०० इराकी आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या मित्रफौजांच्या हवाई हल्ल्यांत व तोफमाऱ्यात गेले. साधारण तेवढेच इसिसनं मारले, उरलेल्यांना कोणी मारलं ते ठरवता आलं नाही. इसिसवाल्यांच्या क्रौर्याला सीमा नव्हती, हेही सांगायला हवं. पण आमच्या टेबलावर आलेल्या पोराला छर्रा कोणाचा ते माहीत नसायचं, आणि आम्हीही विचारत नव्हतो. कित्येक जण तर आमच्यापर्यंत पोचतच नसत. म्हणून आघाडीपासून दहा-पंधरा मिनिटांवर रक्त थांबवायची छोटी केंद्रं उभी केली होती. तिथून पुढे आमच्यासारखे तंबू, नाहीतर थेट एरबिल शहर, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर आणि वाटेत नाके.

राहिले कपडे. दादा, पाठवू नका. जुने कपडे वेगळे करायला माणसं लागतात, जागा लागते, आणि ट्रकभाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतं. आमच्याकडे अशा गठ्ठ्यांवर ताडपत्री टाकून ते तंबूमागे ठेवले होते, आणि सलाइनचे खोके उन्हात. ते कपडे बार्शीतच गरजूंना द्या. मंडळाकडून पैसे पाठवा, तेही नोंदणी असलेल्या, पावती देणाऱ्या आणि मागचा हिशेब दाखवणाऱ्या संस्थेला. ‘अमुकच वस्तू घ्या’ अशी अट घालू नका. आज पाणी हवं असतं, परवा प्लास्टर.