भावाला टीबीसोबत एचआयव्हीही निघाला, एवढ्या गोळ्या एकाच वेळी झेपतील का?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाचं वजन ४२ किलो आहे, टीबीच्या गोळ्यांना तीन आठवडे झालेत आणि आता एआरटी सेंटरनं (एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं) एचआयव्हीच्याही सुरू केल्या. गावातले डॉक्टर म्हणतात, "आधी टीबी संपू द्या, दोन्ही मिळून गरम पडतील." आणि गावात कळेल याची धास्ती वेगळीच.

गरम पडत नाहीत. टीबीच्या गोळ्या आधी आणि साधारण दोन आठवड्यांनी एचआयव्हीच्या, हीच रीत आहे. सेंटरनं बरोबर केलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला नेमकं हेच तपासलं गेलं आणि २०१० साली छापून आलं. टीबी संपेपर्यंत थांबलेल्यांच्या तुलनेत, उपचार चालू असतानाच एआरटी घेतलेल्यांमध्ये मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी होते. तरी आपल्याकडे "एकेक करून घेऊ" चालूच आहे. सहा महिने थांबायला त्या शरीरात प्रतिकारशक्ती उरली आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता गोळ्या. ३५ ते ४९ किलोला टीबीच्या रोज ३. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. वजन ५० च्या पुढे गेलं की ४ होतात, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं करा. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. फारच मळमळलं तर अर्धी भाकर खाऊन घेतल्या तरी चालतं, चुकवण्यापेक्षा बरं. सोबत व्हिटॅमिन ब६ ची गोळी, नाहीतर पायाला मुंग्या येतात. शिवाय इतर जंतुसंसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोल रोज एक. त्यानं अंगावर पुरळ उठलं तर लगेच दाखवा.

एचआयव्हीची टीएलडी (तीन औषधांची एकत्र गोळी, त्यातलं एक डोल्युटेग्रावीर) दिवसातून एकच, पण टीबी असताना डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी मिळते, टीएलडीपासून १२ तासांनी घ्यायची. घोळ होतो तो या गोळीचा. लोकांना ती टॉनिकसारखी वाटते. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला जुंपतं की डोल्युटेग्रावीर भराभर शरीराबाहेर जातं. एका गोळीत रक्तातलं औषध दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत नाही, आणि त्या अपुऱ्या औषधात विषाणू तग धरायला शिकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस उजाडताच वावरात जातो, मग ठरलेली वेळ पाळली जात नाही. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ धरा. सकाळी टीबीच्या गोळ्यांसोबत जादा गोळी, संध्याकाळी टीएलडी. विसरलं तर आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम नको. टीबीच्या गोळ्या संपल्या की जादा गोळी त्याच दिवशी बंद करतात, तेही चूक. रिफाम्पिसिनचा परिणाम मागे रेंगाळतो, म्हणून ती आणखी १४ दिवस घ्यायची.

दुसरी चोर वाट म्हणजे दुकानातली ॲसिडिटीची बाटली. टीबीच्या गोळ्यांनी पोटात जळजळतं, घरचे बाजाराच्या दिवशी बाटली आणतात आणि गोळीमागे दोन चमचे पाजतात. तिच्यातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम डोल्युटेग्रावीरला पोटातच धरून ठेवतं. गोळी गिळली, रक्तात गेलीच नाही! बाटली हवीच असेल तर डोल्युटेग्रावीरनंतर किमान २ तासांनी आणि पुढच्या डोसाच्या किमान ६ तास आधी, म्हणजे वरच्या वेळांत सकाळी ८ ते दुपारी १२. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या जेवणासोबत डोल्युटेग्रावीरबरोबर घेतल्या तर चालतात.

लघवी नारिंगी होईल. ती रिफाम्पिसिनमुळे, कावीळ नव्हे. त्यासाठी कोणाकडे जडीबुटी घ्यायला जाऊ नका. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, उलट्या थांबेनात, तर मात्र पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टर गाठा. दारू असेल तर ती आधी बंद.

एक गोष्ट आत्ताच घरात सांगून ठेवा. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ताप परत येऊ शकतो, मानेच्या गाठी सुजू शकतात. उठलेली प्रतिकारशक्ती आत लपलेल्या टीबीवर तुटून पडते, त्याचा हा दाह. नेमके त्याच वेळी "बघा, म्हटलं होतं ना" म्हणणारे भेटतात आणि दोन्ही औषधं बंद होतात. बंद करू नका, सेंटरला दाखवा. टीबी औषधाला दाद देत नाही का, हेही तिथं तपासतात, आणि गरज पडली तर स्टेरॉइड देतात. डोकं असह्य दुखणं, मान आखडणं, बरळणं, दम लागणं असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

गावात कळण्याचं म्हणाल, तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, संमतीशिवाय कोणी त्याचा एचआयव्ही उघड करू शकत नाही. टीबीच्या गोळ्याही एआरटी सेंटरवरच मिळतात, दोन खिडक्या नकोत. निक्षयचे, म्हणजे टीबी रुग्णांच्या पोषणासाठीच्या सरकारी योजनेचे, महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात, ते टीबीचे म्हणूनच येतात. बाकी गावाचं तोंड कायद्यानं बंद होत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे.

आणि हो, मेंदूचा टीबी असेल तर एआरटी आणखी काही आठवडे मागे ठेवतात. रिफाम्पिसिनला न जुमानणारा टीबी असेल तर गोळ्याच वेगळ्या. कार्डावर या दोन्हींपैकी काही लिहिलंय का, ते आज पाहा.