पंचांना क्षणात अचूक निर्णय देणं कसं जमतं? ते सरावाने येतं का?

येतं. पण लोक समजतात तशी 'गरुडाची नजर' त्यात फारशी कामाला येत नाही. कमवायच्या असतात दोन सवयी: घटनेआधी योग्य जागी पोचायचं आणि मनात योग्य क्रमाने प्रश्न विचारायचे.

क्रिकेटमधलं पायचीत घ्या. नवखा पंच सुरुवातच 'चेंडू यष्ट्यांवर गेला असता का?' इथून करतो. तो प्रश्न शेवटचा आहे. आधी नोबॉल होता का? टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? पडला असेल तर तिथेच नाबाद. आधी बॅटला लागला का? पॅडला लागला तेव्हा ऑफ स्टंपच्या बाहेर होता का, आणि असल्यास फलंदाजाने फटका खेळायचा खरा प्रयत्न केला होता का? इथवर सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, अंदाज फक्त शेवटच्या प्रश्नात. नेट्समध्ये गोलंदाजाच्या टोकाला उभे राहा आणि चाळीस-पन्नास चेंडूंना हा क्रम पुटपुटत राहा. सुरुवातीला हमखास एक गोष्ट चुकते: नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर रेंगाळते आणि टप्पा निसटतो. पाय टेकला की नजर वर, हे अंगवळणी पडेपर्यंत बाकीचं शिकण्यात अर्थ नाही.

जागेचं महत्त्व तर त्याहून जास्त. धावचीतसाठी क्रीजच्या रेषेत, बाजूला जायचं आणि बेल्स उडण्याआधी थांबायचं. धावत पाहिलं की डोकं हलतं आणि रेषा पुसट होते. फुटबॉलमध्ये दोन खेळाडूंच्या पाठीमागून पाहणारा रेफरी कितीही जवळ असला तरी त्याला धक्का दिसत नाही. त्या दोघांमधली फट दिसेल अशा कोनातून पाहावं लागतं. म्हणूनच फिटनेस चाचणीत 75 मीटर धाव आणि 25 मीटर चाल अशा 40 फेऱ्या असतात. दमलेला रेफरी नियम विसरत नाही, तो चुकीच्या जागी उभा असतो.

ऑफसाइड (पास निघाला तेव्हा हल्ला करणारा खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का) हे मात्र वेगळंच दुखणं. सहाय्यक पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत नसेल तर कोनामुळेच फसतो. रेषेत असला तरी पास निघाला त्या क्षणी धावणारा खेळाडू डोळ्यांना प्रत्यक्षापेक्षा थोडा पुढे दिसतो. ही नजरेची खोड सरावाने पूर्ण जात नाही. ती आहे हे माहीत ठेवायचं आणि शंका असेल तर झेंडा खालीच ठेवायचा.

घाई आवरायला एक साधी युक्ती आहे: शिट्टी तोंडात न ठेवता हातात ठेवा. ती ओठांपर्यंत नेण्यात जातो तेवढा वेळ 'ॲडव्हान्टेज आहे का?', म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवण्यात त्याच संघाचा फायदा आहे का, हे पाहायला पुरतो.

व्हिडिओवर सराव करताना क्लिप आधी नेहमीच्या वेगाने, एकदाच पाहा. तीन सेकंदांत निर्णय बोला आणि त्यामागचा नियमही सांगा. नुसतं 'फाउल' म्हणून भागत नाही. स्लो मोशन नंतर, तेही स्पर्श कुठे झाला हे तपासण्यापुरतं. संथ गतीत साधी टक्करही मुद्दाम मारल्यासारखी भासते, त्यामुळे धडकेची तीव्रता मूळ वेगातच जोखावी.

सामन्यातून आपोआप शिकता येईल या भरवशावर राहू नका. निर्णय बरोबर असो वा चूक, ओरडणारे ओरडतातच; त्यावरून काहीच कळत नाही. वही ठेवा: मिनिट, तुमचं अंतर, कोन, काय दिसलं, काय दिलं, नंतर काय निघालं. दहा-बारा सामन्यांनंतर चुका साधारण एकाच प्रकारच्या दिसू लागतात, आणि माझ्या मते त्यातल्या बहुतेक जागेच्याच असतात. एका रकान्यात चुकीनंतरचे दोन निर्णयही लिहा. भरपाई म्हणून दुसऱ्या संघाला दिलेली मेहेरबानी तिथेच पकडली जाते.