नवऱ्याचे किलो आणि तुमचे किलो

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवरा-बायकोंनी एकाच दिवशी जिम लावली. चार महिन्यांत लॅट पुलडाउनवर (वरचा दांडा छातीकडे ओढायचं मशीन) नवरा ओढतो ते वजन ४० वरून ५५ किलोवर गेलं, तुमचं २० वरून ३० वर. शोल्डर प्रेस, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं, तर ५ किलोच्या डंबेलवरच अडकलाय. वर ट्रेनर सांगतो, "मॅडम, लेडीजचे मसल वाढतच नाहीत, तुम्ही २ किलोचे डंबेल घ्या आणि ट्रेडमिल करा."

आधी हिशेब करू. त्यांची वाढ साडेसदतीस टक्के, तुमची पन्नास. मग मागे कोण पडलं?

हा काही तुमच्यापुरता योगायोग नाही. २००५ साली अमेरिकेत ५८५ स्त्री-पुरुषांच्या एका दंडाला १२ आठवडे व्यायाम दिल्याचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्नायूचा आकार पुरुषांत सरासरी सुमारे २० टक्के वाढला, बायकांत १८. ताकद मात्र पुरुषांत ४० टक्के आणि बायकांत ६४ टक्के वाढली. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार आवडते. माणसामाणसांतला फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षा कितीतरी मोठा निघाला. कुणाचा दंड ५९ टक्के वाढला, तर कुणाचा जैसे थे. म्हणजे "बायकांचं असंच असतं" म्हणण्याआधी "तुमचं कसं आहे" हे बघावं लागतं.

फरक आहे तो सुरुवातीच्या भांडवलात. वयात येताना मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं आणि स्नायूंचं मोठं गाठोडं त्यांना व्यायामाआधीच मिळून जातं. एमआरआयने मोजलेल्या ४६८ जणांत पुरुषांचे स्नायू सरासरी ३३ किलो होते, बायकांचे २१. ही तफावत पायांपेक्षा खांद्या-दंडांत जास्त असते, म्हणून तुम्हाला स्क्वॉटमध्ये एवढं वाईट वाटत नाही आणि शोल्डर प्रेसला रडू येतं. पण नंतर स्नायू वाढतो तो मुख्यतः त्याच्यावर पडणाऱ्या ताणामुळे आणि पोटात जाणाऱ्या प्रथिनांमुळे. ती यंत्रणा दोघांत सारखीच चालते. व्याजाचा दर जवळपास तोच, मुद्दल वेगळं.

"पुरुषी दिसाल" ही भीती कुणी घातलीच, तर वडगाव मावळच्या हर्षदा गरुडचं नाव सांगा. २०२२ मध्ये वेटलिफ्टिंगच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात तिने स्नॅचमध्ये (एका झटक्यात डोक्यावर) ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८३, असे एकूण १५३ किलो उचलून सुवर्ण आणलं. आणि घरातला भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो एका हाताने कलता करून ओट्याखाली सरकवणाऱ्या बाईच्या हातात २ किलोचे डंबेल देतात, याचं मला अकरा वर्षं नवल वाटतंय.

आता अडकलेला शोल्डर प्रेस. इथे दोष तुमच्या खांद्यांचा नाही, रॅकचा आहे. ५ नंतर थेट ७.५ चे डंबेल, म्हणजे एका दिवसात ५० टक्के उडी! नवरा १५ वरून १७.५ वर जातो तेव्हा ती १७ टक्क्यांचीही नसते. मी स्वतः याच पायरीवर पाच महिने काढलेत. शेवटी कापडी पट्टीची अर्ध्या किलोची मनगटावर बांधायची वजनं घेतली आणि आठवड्याभरात गाडी हलली. ते नको असेल तर ५ किलोवरच ८ चे १५ रेप्स (एका दमात केलेल्या आवृत्त्या) होईपर्यंत थांबा, मग ७.५ ने पाच-सहा करा. बारबेल वापरायचा असेल तर १५ किलोचा, थोडा बारीक दांड्याचा बायकांचा बार असतो. नेहमीचा २० चा. बऱ्याच जिममध्ये १५ चा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो.

एका बाबतीत मात्र नवऱ्याची नक्कल करू नका. हलक्या-मध्यम वजनाला बायका सहसा उशिरा थकतात. एक कारण असं की मोठा, ताकदवान स्नायू आकसताना स्वतःच्याच रक्तवाहिन्या जास्त दाबतो. आपल्या बायकांच्या स्नायूंत मंद, म्हणजे सावकाश आकसणाऱ्या आणि उशिरा थकणाऱ्या तंतूंचा वाटाही तुलनेने जास्त असतो. त्यामुळे त्यांच्या वेळापत्रकातले १० रेप्स तुम्हाला सोपे गेले तर १३ करा. त्यांना तीन मिनिटं विश्रांती लागत असेल आणि तुम्हाला दोन पुरत असतील, तर मोबाइल बघत बसू नका.

पाळीच्या दिवसांप्रमाणे वेगळा प्रोग्रॅम विकणारे हल्ली पुष्कळ झालेत. सरसकट सगळ्यांना तसं वेळापत्रक द्यावं एवढा पुरावा नाही. पोट दुखत असेल त्या दिवशी वजन कमी करा, बरं वाटत असेल तर नेहमीसारखं उचला.

आणि "दुसऱ्या सेटलाच धाप लागते" असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, ते मला जास्त खटकलं. प्रोटीन पावडर घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्के. आकडा कमी आला तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर वजन वाढवायची घाई करू नका. रिपोर्ट आला की इथेच सांगा, पुढचे तीन महिने कसे आखायचे ते बघू.