पाइप एकच, दुकानं दहा

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही गोरेगावला राहतो. मुलगी-जावई दोन वर्षांपासून अमेरिकेत अटलांटाला आहेत. आत्तापर्यंत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होते, तिथे सगळं विजेवर होतं. आता त्यांनी घर घेतलंय, पुढच्या महिन्यात शिफ्ट होतायत आणि त्या घरात सगळं गॅसवर आहे, शेगडी, गरम पाणी आणि थंडीत घर तापवायची भट्टी पण. गॅस चालू करायला फोन केला तर समोरून म्हणाले आधी तुमची कंपनी निवडा. म्हणे तिकडे आठ-दहा कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचा दर वेगळा. काल रात्री लेकीने व्हॉट्सॅपवर चार स्क्रीनशॉट टाकले आणि खाली लिहिलं, आई तू हिशोबात पक्की आहेस, तूच बघ. मी ३१ वर्षं बँकेत काम केलंय, आकड्यांना घाबरत नाही, पण आपल्याकडे गॅस म्हणजे महानगर गॅस ही एकच कंपनी, निवडायचा प्रश्नच कधी आला नाही. हे थर्म, फिक्स्ड, व्हेरिएबल काय प्रकरण आहे? सगळ्यात कमी दराची घ्यायला सांगू का? आणि स्वस्तातली घेतली आणि ऐन थंडीत गॅस बंद पडला तर? घरात सात महिन्यांचं बाळ आहे.
एक आई, गोरेगाव पूर्व

उत्तर: ताई, बाळाचं आधी बोलूया म्हणजे तुमच्या जिवाला जरा शांतता. स्वस्त कंपनी घेतली म्हणून नळीतून येणारा गॅस कमी दाबाने येत नाही आणि हलक्या प्रतीचाही येत नाही. अटलांटात जमिनीखालचा पाइप, घराबाहेरचा मीटर, मीटरचं रीडिंग, दुरुस्ती हे सगळं एकाच कंपनीकडे असतं, तिचं नाव अटलांटा गॅस लाइट. तुमची लेक ज्या आठ-दहा नावांतून निवडणार आहे त्या नुसत्या गॅस विकणाऱ्या कंपन्या, तिकडे त्यांना मार्केटर म्हणतात. त्या गॅस विकत घेतात, त्याच पाइपातून पाठवतात आणि बिल लावतात. शेजारच्या घराची कंपनी वेगळी असली तरी दोन्ही घरांत येतो तो गॅस एकच.

तुम्ही गोरेगावच्या, म्हणजे हे तुम्ही एकदा अनुभवलेलं आहे. आठवा, २००९ पासून उपनगरात लोकांना रिलायन्सच्या तारांवरूनच टाटाची वीज घ्यायची सोय झाली होती, खांब तेच, वायर तीच, बिलावरचं नाव फक्त बदललं. आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत तेव्हा जिन्यात उभं राहून चर्चा व्हायच्या. सगळे युनिटचा दर बघून फॉर्म भरायला निघालेले आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा (रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले) एकटेच म्हणत होते, अरे तारेचं भाडं पण बघा, ते वेगळं लागणार आहे. ते भाडं म्हणजे व्हीलिंग चार्ज. ज्यांचा वापर जास्त होता त्यांना बदल फायद्याचा पडला, ज्यांचा कमी होता त्यांना फारसा फरक दिसला नाही, आणि कोण कुठल्या गटात हे दरपत्रक बघून कळत नव्हतं, घरातली जुनी बिलं काढल्यावरच कळत होतं. अटलांटाचा प्रश्न अगदी असाच सोडवायचा आहे.

अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाने १९९७ मध्ये कायदा करून गॅसची विक्री खुली केली. सुरुवातीची वर्षं बरीच गोंधळाची गेली, बिलं चुकायची, काही विक्रेते बंदही पडले, मग २००२ मध्ये ग्राहकांच्या संरक्षणासाठी आणखी एक कायदा आणावा लागला. तेव्हापासून बरंच स्थिरावलंय. पण एक लेकीला नक्की सांगा, तिकडचं सरकार या कंपन्यांचा विक्रीचा दर ठरवत नाही, पाइपवाल्या कंपनीचे चार्जेस तेवढे सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली असतात. म्हणजे दर नीट बघायची जबाबदारी घेणाऱ्याचीच.

आता बिल. त्यात तीन आकडे असतात. एक पाइपवाल्या कंपनीचा, तो कुठलाही विक्रेता घेतला तरी लागणारच, आणि तो त्या घराला चिकटलेला असतो, म्हणजे ऐन कडाक्याच्या दिवशी त्या घराला किती गॅस लागेल या अंदाजावर त्यातला मोठा भाग ठरतो, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. दुसरा विक्रेत्याचा महिन्याचा ठरलेला सर्व्हिस चार्ज, गॅस वापरा न वापरा. तिसरा थर्मचा दर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो हा तिसरा आणि फसगत होते ती दुसऱ्यामुळे.

थर्म म्हणजे त्यांचं युनिट, साधारण पावणेतीन घनमीटर गॅस. आमच्या घरी चौघांच्या स्वयंपाकाला दोन महिन्याला आपल्याकडची २७ युनिट, म्हणजे २७ घनमीटर लागतात, म्हणजे महिन्याला पाच थर्मसुद्धा नाही. तिकडे मात्र भट्टी सुरू झाली की जानेवारीत एका महिन्यात शंभर थर्म सहज जाऊ शकतात आणि उन्हाळ्यात तेच घर दहा-बारावर येतं. हे लक्षात ठेवून पुढचं उदाहरण करून बघा, आकडे मी समजायला धरलेत, स्क्रीनशॉटमधले नाहीत.

धरा एका कंपनीचा दर थर्मला ५५ सेंट आणि सर्व्हिस चार्ज महिना १० डॉलर. दुसरीचा दर ६५ सेंट पण सर्व्हिस चार्ज ५ डॉलर. जाहिरात बघून कोणीही पहिलीच उचलेल. जुलैत १२ थर्म वापरले तर पहिलीचे १६ डॉलर ६० सेंट, दुसरीचे १२ डॉलर ८० सेंट. जानेवारीत १०० थर्म गेले तर पहिलीचे ६५, दुसरीचे ७०. म्हणजे एका महिन्यावरून काहीच ठरत नाही, वर्ष धरावं लागतं. वर्षाला ६०० थर्म लागले तर दोन्हीचे बरोब्बर ४५० डॉलर होतात, ६०० च्या वर गेलं तर पहिली स्वस्त, खाली राहिलं तर दुसरी. ८०० थर्मच्या घराला पहिली वर्षाला २० डॉलर वाचवते आणि ३०० थर्मच्या घराला तीच पहिली ३० डॉलर महाग पडते. तुम्ही बँकेतल्या, तुम्ही हे चार कंपन्यांसाठी एक्सेलमध्ये पंधरा मिनिटात कराल, रकान्यात बारा महिने लिहा, खाली बेरीज.

पण त्यासाठी घराचा वापर माहीत पाहिजे, आणि त्यांनी घर नुकतंच घेतलंय ना, तर आधीच्या मालकाकडे किंवा एजंटकडे मागच्या बारा महिन्यांची गॅसची बिलं मागायची. लाज वाटायचं कारण नाही, आपण इथे फ्लॅट घेताना मेंटेनन्सच्या पावत्या मागतोच की. नाहीच मिळाली तर तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच जुन्या घरातल्या शेजाऱ्याला विचारायचं, आणि थोडं जास्त धरून चालायचं, कारण बाळ असलेल्या घरात हीटर कोणी कमी ठेवत नाही.

फिक्स्ड की व्हेरिएबल, यावर माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी फिक्स्ड. व्हेरिएबल म्हणजे दर महिन्याला कंपनी नवा दर लावणार, कधी खाली येईल, कधी नेमका थंडीत वर जाईल. फिक्स्ड म्हणजे सहा महिने, बारा महिने किंवा जास्त, जो करार असेल तेवढा वेळ थर्मचा दर हलणार नाही. बाजार पडला तर फिक्स्डवाल्याला दोन पैसे जास्त पडतात हे खरं, पण घराचा हप्ता नवा, बाळ नवं, अशा वर्षी बिल किती येईल हे आधी माहीत असणं जास्त मोलाचं. आणि दर बांधून घ्यायला थंडी सुरू व्हायची वाट बघू नये. फिक्स्डमध्ये दोन जागी नीट बघायचं. करार मध्येच मोडला तर दंड किती, आणि करार संपला की काय होतं. कारण मुदत संपल्यावर कोणी काही केलं नाही तर कंपनी गपचूप स्वतःच्या व्हेरिएबल दरावर टाकू शकते आणि तो दर बऱ्याचदा चांगलाच वरचा असतो. आपली एफडी मॅच्युअर झाली आणि आपण विसरलो तर काय होतं हे तुम्हाला मी काय सांगू. करार संपायची तारीख लेकीच्या फोनमध्ये टाकाच, एक महिना आधीची, आणि तुमच्या कालनिर्णयवर पण लिहून ठेवा, आयांनी लिहिलेलं चुकत नाही.

आणखी एक, स्क्रीनशॉटमधला दर तुमच्या लेकीला मिळेलच असं नाही. तिकडे क्रेडिट स्कोअर बघून दर आणि डिपॉझिट ठरवतात. दोन वर्षांत त्यांचा स्कोअर बरा झाला असेल, पण दोघांपैकी ज्याचा चांगला त्याच्या नावावर अकाउंट उघडायचं. तसंच 'नवीन ग्राहकांसाठी' म्हणून जो अगदी खालचा दर दाखवतात तो किती महिन्यांचा हे फोनवर विचारायचं आणि उत्तर ईमेलवर मागायचं. तोंडी उत्तरावर सही नाही. तुलना करायला जॉर्जिया पब्लिक सर्व्हिस कमिशन (वर म्हटला तो सरकारी आयोग) दर महिन्याला सगळ्या विक्रेत्यांचे दर एका तक्त्यात देतं, स्क्रीनशॉट बाजूला ठेवून तो तक्ता घ्या, त्यात सगळे एका मापाने मोजलेले असतात. आणि दारात किंवा फोनवर कोणी स्वस्त गॅस देतो म्हणत आला तर जुनं बिल दाखवायचं नाही, अकाउंट नंबर वाचून दाखवायचा नाही.

गॅसचा वास आला तर विक्रेत्याला फोन करत बसायचं नाही. बाळाला उचलायचं, घराबाहेर पडायचं, लाइटचं बटण चालू-बंद काही करायचं नाही, आणि लांब गेल्यावर पाइपवाल्या कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला किंवा ९११ ला फोन. तो नंबर दोघांच्याही फोनमध्ये पहिल्या दिवशी सेव्ह झाला पाहिजे, सामान उघडायच्या आधी.

प्रश्न: आपल्या मुंबईत अशी निवड कधी मिळणार? आमच्याकडे पाइप गॅस आहे, दर वाढला की चडफडत भरायचा. सिलेंडरवर परत जावं का?
एक वाचक, परळ

उत्तर: आत्ता मुंबईत घरगुती पाइप गॅस महानगर गॅसकडूनच मिळतो. कंपनी १९९५ ची, पाइप पण तिचे आणि विक्री पण तिची. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा २००६ चा कायदा आहे, त्यात शहराचं जाळं टाकणाऱ्या कंपनीला ठराविक वर्षं एकटीने विकायची मुभा मिळते आणि मुदतीनंतर ते जाळं दुसऱ्यांना भाड्याने खुलं करायची तरतूद पण आहे. तत्त्व अटलांटाचंच. पण शेगडीपर्यंत अजून ते पोचलेलं नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

दर वाढतो त्याचं एक कारण समजून घ्या. घरगुती वापरासाठी देशातल्या जुन्या विहिरींचा गॅस आधी दिला जातो आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव आपण आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के असा दर महिन्याला ठरतो, वर कमाल मर्यादा आहे. तो गॅस कमी पडला की बाहेरचा महाग गॅस मिसळावा लागतो.

सिलेंडरवर जायचा सल्ला मी नाही देणार. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जायची शक्यता जास्त. सिलेंडरचा जड, तो फरशीवर साचतो. परळच्या चाळीतल्या छोट्या स्वयंपाकघरात हा फरक फार मोठा आहे. तुलना करायचीच तर १४.२ किलोचा सिलेंडर तुम्हाला किती दिवस पुरायचा ते आठवा आणि तेवढ्या दिवसांचं पाइपचं बिल शेजारी लिहा. आणि ज्यांच्याकडे सिलेंडरच आहे त्यांना एक निवड खरंच आहे, वितरक त्रास देत असेल तर त्याच कंपनीचा दुसरा वितरक किंवा इंडेन, भारत गॅस, एचपी यातली दुसरी कंपनी ऑनलाइन बदलून घेता येते. २०१३-१४ पासून ही सोय आहे आणि माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना माहीतच नाही.

प्रश्न: मुलगा लंडनला शिकायला गेलाय, चौघं मिळून घर घेतलंय. ज्या कंपनीचा गॅस आहे ती बुडणार अशी चर्चा आहे म्हणे. पैसे आगाऊ भरलेत. जातील का?
एक वडील, डोंबिवली

उत्तर: नाही जाणार दादा, काळजी करू नका. २०२१-२२ मध्ये तिकडे जवळपास ३० वीज-गॅस कंपन्या बुडाल्या, तरी कोणाची शेगडी विझली नाही. ऑफजेम ही तिकडची नियामक संस्था त्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवते आणि घरगुती ग्राहकाची जमा रक्कम सुरक्षित राहते. मुलाला सांगा की घाईघाईने स्वतः कंपनी बदलू नको आणि डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप जाणारा बिलाचा हप्ता) लगेच बंद करू नको, नव्या कंपनीचं पत्र येऊ दे. आजच मीटरचा फोटो काढून ठेवायचा, आकडे आणि तारीख दिसेल असा, आणि शेवटचं बिल डाउनलोड करून ठेवायचं, कारण कंपनीची वेबसाइट बंद झाली तर ते मिळवायला वेळ लागतो. चौघांपैकी कोणाच्या नावावर अकाउंट आहे ते पण बघा. त्याच्याच नावाने पत्र येणार, आणि तो नेमका सुट्टीत घरी गेलेला असला तर पत्र तसंच दारात पडून राहील.